शेळ्यांमधील स्क्रेपी आणि आनुवंशिक प्रतिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रेपी म्हणजे नेमके काय? तो जिवाणूंचा आजार आहे की विषाणूंचा?

दोन्ही नाही. स्क्रेपी हा मेंढ्या आणि शेळ्यांच्या मज्जासंस्थेचा प्राणघातक आजार आहे आणि तो प्रिऑनमुळे होतो. प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेले प्रथिन. प्रत्येक शेळीच्या शरीरात, विशेषतः मेंदूत आणि लसिका ग्रंथींत, प्रिऑन प्रथिन नावाचे एक साधे प्रथिन असतेच. बाहेरून आलेल्या बिघडलेल्या प्रथिनाशी त्याची गाठ पडली की तेही तशीच चुकीची घडी घेते, मग त्याच्या शेजारचे घेते, आणि ही साखळी चालू राहते. मेंदूच्या पेशी मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू स्पंजासारखा भोकाभोकांचा दिसतो. यात डीएनए नाही, आरएनए नाही, मारायला कोणताही जीव नाही. म्हणून प्रतिजैविके चालत नाहीत, आणि शरीर या प्रथिनाला परके समजत नसल्यामुळे रक्तात प्रतिपिंडेही तयार होत नाहीत. उपचार नाही, लस नाही. ‘प्रिऑन’ हा शब्द स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये रूढ केला. त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले.

शेळीत लक्षणे कशी दिसतात?

संसर्ग बहुधा जन्माच्या आसपास होतो आणि लक्षणे साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसतात. मेंढीत अंग घासून घासून लोकर झडते, त्या घासण्यावरूनच (इंग्रजीत ‘स्क्रेप’ म्हणजे खरवडणे) आजाराला हे नाव पडले. शेळीत खाज असते, पण ती इतकी ठळक असेलच असे नाही. खाणे बरे असूनही शेळी वाळत जाते, दूध अचानक उतरते, धारेला उभी राहिली की दचकते, मान थरथरते, मागचे पाय ताठ टाकते किंवा गरजेपेक्षा उंच उचलते. पाठीवर माकडहाडाजवळ खाजवले की ओठ हलवत चघळल्यासारखे करते, ही खूण जवळून पाहण्यासारखी आहे. शेवटी ती उठत नाही. अशी शेळी जंत, खनिजांची कमतरता किंवा लिस्टेरिया (मेंदूचा एक जिवाणूजन्य आजार) समजून काढून टाकली जाते, आणि कळपात स्क्रेपी आहे हे कित्येक वर्षे कळतच नाही.

आनुवंशिक प्रतिकार म्हणजे काय? काही शेळ्यांना हा आजार का होत नाही?

प्रिऑन प्रथिनाची कृती पीआरएनपी या जनुकात लिहिलेली असते. शेळीत हे जनुक १३ व्या गुणसूत्रावर आहे आणि त्यातून २५६ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. काही शेळ्यांत या साखळीतील एखादे अमिनो आम्ल वेगळे असते. जागा नेमकी असेल, तर एवढ्या बदलाने बिघडलेल्या प्रथिनाला निरोगी प्रथिनाची घडी मोडता येत नाही. साचा तोच राहतो, पण माल त्यात बसत नाही, असे समजा.

म्हणजे ही रोगप्रतिकारशक्ती नव्हे. शेळी जंतूशी लढत नाही. तिच्याकडचा कच्चा मालच प्रिऑनच्या उपयोगाचा नसतो. हा फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण ‘खुराक सुधारला की प्रतिकार वाढेल का’ या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. वाढणार नाही. करडू जे जनुक घेऊन जन्मले, तेच आयुष्यभर राहते.

नेमके कोणते बदल उपयोगाचे?

तीन. यात अक्षर अमिनो आम्लाचे असते आणि आकडा साखळीतल्या जागेचा.

के२२२: २२२ व्या जागी ग्लुटामिनऐवजी लायसिन. डीएनएमध्ये सीएजीचे एएजी होते, म्हणजे जनुकातील ६६४ वे अक्षर बदलते.

एस१४६: १४६ व्या जागी अ‍ॅस्परॅजिनऐवजी सेरिन. एएटीचे एजीटी, म्हणजे ४३७ वे अक्षर.

डी१४६: त्याच १४६ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल. एएटीचे जीएटी, म्हणजे ४३६ वे अक्षर.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला. शेतावरील प्रादुर्भाव, मुद्दाम केलेला संसर्ग आणि प्रयोगशाळेतील चाचण्या हे सगळे एकत्र तोलून ते या निष्कर्षाला आले की हे तिन्ही बदल पारंपरिक, म्हणजे कळपात पसरणाऱ्या नेहमीच्या, स्क्रेपीपासून खरे संरक्षण देतात. त्यांत के२२२ चा क्रमांक पहिला.

यांखेरीज एम१४२, आर१४३, एच१५४ आणि क्यू२११ ही नावे अहवालांत भेटतील. त्यांनी धोका काही प्रमाणात कमी होतो किंवा आजार उशिरा दिसतो, पण पैदास त्यांच्या भरवशावर उभी करू नये. एम१४२ बाबत तर विशेष जपावे. आजार लांबला म्हणजे संसर्ग झालेली शेळी कळपात जास्त दिवस राहिली, आणि हे फायद्याचे नाही.

आमच्या शेळ्यांचा अहवाल ‘एआरक्यू/एआरक्यू’ आला. म्हणजे सगळ्या धोक्यात का?

या अहवालावरून शेळीबद्दल काहीही ठरत नाही. सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

मेंढीत १३६, १५४ आणि १७१ या तीन जागा तपासतात; अहवालातली तीन अक्षरे या तीन जागांचीच. तिथे एआरआर हे रूप प्रतिकारक आणि व्हीआरक्यू सर्वांत धोक्याचे. मेंढ्यांत या चाचणीने मोठे काम झाले आहे. ब्रिटनने २००१ मध्ये त्यावर राष्ट्रीय योजनाच उभी केली. पण शेळीत मेंढीचे ते एआरआर जवळजवळ सापडतच नाही. त्यामुळे मेंढीचा संच शेळीवर चालवला की जवळपास प्रत्येक शेळी ‘एआरक्यू/एआरक्यू’ निघते, मग ती के२२२ च्या दोन प्रती घेऊन उभी असली तरी. त्या चाचणीने २२२ आणि १४६ या जागा पाहिलेल्याच नसतात.

नमुना पाठवताना अर्जावर ‘शेळी’ असे ठळक लिहा आणि १४६ व २२२ या जागा लेखी मागा. शक्य असेल तर संपूर्ण पीआरएनपी वाचून घ्या. प्रथिनाची सगळी कृती एकाच सलग तुकड्यात, थांब्याच्या संकेतासह ७७१ अक्षरांत येते; म्हणून ते वाचणे अवघड नसते.

अहवाल कसा वाचायचा?

प्रत्येक शेळीकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. म्हणून प्रत्येक जागेला दोन अक्षरे येतात. १४६ साठी एनएन म्हणजे दोन्ही साध्या. एनएस किंवा एनडी म्हणजे एक प्रतिकारक. एसएस, डीडी किंवा एसडी म्हणजे दोन्ही प्रतिकारक. २२२ साठी क्यूक्यू साधी, क्यूके एकेरी, केके दुहेरी.

२४० व्या जागेवर एस किंवा पी दिसले तर त्याचा विचार करू नका. तो बदल सर्वत्र आढळतो आणि निवडीसाठी त्याचा उपयोग नाही.

एक प्रत पुरते की दोन लागतात?

नैसर्गिक संसर्गापुरती एक प्रत पुष्कळ काम करते. अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांनी करडांना जन्मतःच तोंडावाटे मोठी मात्रा दिली. साध्या जनुकाच्या शेळ्या सुमारे दोन वर्षांत आजारी पडल्या; एस१४६ किंवा के२२२ ची एकच प्रत असलेल्या पाच वर्षांहून अधिक काळ निरोगी राहिल्या. जन्मतःच संसर्ग ही सर्वांत कठीण परीक्षा असते, कारण नवजात करडाच्या आतड्यातून प्रिऑन सहज आत शिरतो. म्हणून या निकालाला वजन आहे.

प्रिऑन थेट मेंदूत टोचल्यावर मात्र चित्र बदलते. तेव्हा एकेरी संरक्षण मोडू शकते. शेतावर मेंदूत कोणी टोचत नाही हे खरे, पण त्यावरून एवढे कळते की हा प्रतिकार भक्कम असला तरी अभेद्य नाही.

दुसऱ्या प्रतीचा खरा फायदा पैदाशीत होतो. दोन प्रती असलेला बोकड प्रत्येक करडाला एक देतोच.

हे बदल कोणत्या जातींत सापडतात?

के२२२ इटलीच्या दक्षिणेकडील जातींत, गिर्जेंताना शेळीसह, आढळला. नेदरलँड्समध्ये तो टोगेनबर्ग शेळ्यांत सापडला. एस१४६ बोअर जातीत चांगल्या प्रमाणात दिसतो. डी१४६ आणि एस१४६ यांचा अभ्यास प्रामुख्याने सायप्रसमध्ये झाला. तिथल्या शेळ्यांना स्क्रेपीने फार मोठा फटका दिला होता, आणि तिथल्या दमास्कस शेळ्यांत हे दोन्ही बदल होते. आजारी कळपांतल्या आजारी व निरोगी शेळ्यांची जनुके शेजारी ठेवली तेव्हा कोणत्या शेळ्या वाचत आहेत ते दिसले, आणि पुढे सायप्रसने त्याच आधारावर पैदास सुरू केली. सानेन आणि अल्पाइन या जास्त दुधाच्या जातींत के२२२ विरळ आहे, तिथे शोध घ्यावा लागतो.

जातीचे नाव वाचून शेळी प्रतिकारक ठरवू नका. बोअर आहे म्हणून एस१४६ असेलच असे नाही. शेळीगणिक तपासणी हवी.

विरळ असेल तर शोधायचा कसा? सगळा कळप तपासायचा का?

आधी बोकड तपासा, मग ज्या शेळ्यांचे नर तुम्ही पैदाशीसाठी राखता त्या माता. एक शेळी आयुष्यात मोजकी करडे देते. बोकडाची शेकडो होतात. चाचणीचा खर्च तिथेच वसूल होतो.

जातीत प्रतिकारक प्रतींचे प्रमाण २ टक्के असेल तर वाहक, म्हणजे निदान एक प्रतिकारक प्रत असलेली, जनावरे सुमारे ४ टक्के असतात, कारण प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. अशा ठिकाणी निदान एक वाहक हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ७५ असंबंधित जनावरे तपासावी लागतात. ‘असंबंधित’ या शब्दाकडे लक्ष द्या. एकाच बोकडाची ७५ लेकरे तपासली तर तो जवळजवळ एकाच कुटुंबाचा तपास होतो. एक वाहक सापडला की त्याची आई, सख्खी भावंडे आणि मुले तपासा. पुढचे वाहक तिथेच लवकर मिळतात.

नमुना कसा घ्यायचा? त्यात काय बिघडते?

रक्त असेल तर मानेच्या शिरेतून २ ते ५ मिली, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत. नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करा. हलवून फेस आणू नका. हिरव्या टोपणाची हेपॅरिन नळी वापरू नका, हेपॅरिनमुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडते. नळी ४ अंश सेल्सिअसला ठेवा आणि काही दिवसांत पोचवा.

केस असतील तर ओढून काढलेले, मुळासकट २० ते ३०. कापलेल्या केसांत उपयोगाचा डीएनए जवळजवळ नसतो. मुळाशी पांढुरकी गाठ बोटाला लागली पाहिजे. ते कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट होऊन बुरशी धरते. कानाचा तुकडा घेणारे बिल्ले मिळत असतील तर सर्वांत बरे. बिल्ला मारतानाच नमुना त्याच क्रमांकाच्या नळीत जातो आणि अदलाबदलीचा प्रश्न उरत नाही. प्रयोगशाळेतल्या चुकांपेक्षा गोठ्यात नळ्यांची अदलाबदल होऊन निकाल अधिक वेळा बिघडतात.

आणखी एक गोष्ट. जुळ्या-तिळ्या करडांच्या रक्तवाहिन्या गर्भातच एकमेकींना जोडल्या गेल्या, तर एकाच्या रक्तात दुसऱ्याच्या पेशी आयुष्यभर राहतात. शेळीत हे गाईइतके होत नाही, पण होते. मग रक्ताच्या नमुन्यात भावंडाचे जनुक मिसळते. महत्त्वाच्या बोकडाचा निकाल आणि त्याच्या करडांचे निकाल जुळत नसतील तर रक्त सोडा, केस किंवा कानाचा तुकडा पाठवा.

प्रयोगशाळेने १४६ साठी ‘निकाल नाही’ किंवा संशयास्पद एनएन दिला. का?

एस आणि डी हे दोन्ही बदल एकाच कोडॉनमध्ये (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरांत), एकमेकांना लागून असलेल्या अक्षरांवर आहेत. केवळ एस ओळखणारी चाचणी डी असलेल्या प्रतीवर नीट चिकटत नाही. ती प्रत दिसतच नाही आणि एनडी शेळी एनएन म्हणून बाहेर येते. डी१४६ आढळू शकेल अशा वाणात, विशेषतः दमास्कस रक्त असेल तर, हा भाग थेट क्रमवाचनाने, म्हणजे डीएनएची अक्षरे ओळीने वाचून, तपासून घ्यावा.

कळपात हा बदल वाढवायचा तर पैदास कशी आखावी?

१०० शेळ्यांचा कळप धरा. दरवर्षी २५ शेळ्या काढून त्यांच्या जागी २५ पाठी (तरुण माद्या) येतात. सगळ्या शेळ्या साध्या आहेत.

पहिला मार्ग, केके बोकड. त्याचे प्रत्येक करडू क्यूके, तपासणीची गरज नाही. फक्त बाप तोच आहे याची खात्री हवी. पाठींची पहिली तुकडी आली की २५ वाहक, दुसरीनंतर ५०, आणि चौथ्या तुकडीनंतर जुन्या साध्या शेळ्या संपून सगळा कळप निदान एकेरी. दुधासाठी, कासेसाठी, पायांसाठी जी निवड आधी करत होता तीच चालू राहते, हा याचा मोठा फायदा.

दुसरा मार्ग, क्यूके बोकड. त्याच्या करडांत अर्धी वाहक, आणि कोणती ते तपासल्याशिवाय कळत नाही. १५० करडांत ७५ माद्या असतील तर त्यांपैकी ३७-३८ वाहक. त्यांतून २५ निवडायच्या म्हणजे दुधावर निवड करायला जागा फार उरत नाही. केके बोकड मिळत नसेल तर हाच रस्ता. पण त्याच वेळी दोन असंबंधित वाहक कुटुंबांचा संकर करून केके नर तयार करायला घ्या. क्यूके गुणिले क्यूके दिले की करडांत एक चतुर्थांश केके, अर्धी क्यूके, एक चतुर्थांश साधी निघतात.

तिसरा मार्ग फारसा कोणी सांगत नाही, पण तो फार उपयोगाचा आहे. एस१४६ एका प्रतीवर आणि के२२२ दुसऱ्या प्रतीवर असलेला बोकड. हे दोन बदल वेगवेगळ्या प्रतींवरच आढळतात आणि जनुकावर इतके जवळ आहेत की त्यांची अदलाबदल व्यवहारात होत नाही. असा बोकड प्रत्येक करडाला एस१४६ किंवा के२२२ यांपैकी एक देतोच. म्हणजे ‘निदान एक प्रतिकारक प्रत’ या हिशेबाने तो दुहेरी बोकडासारखेच काम करतो. एनएस आई आणि क्यूके बाप यांच्या करडांत एक चतुर्थांश असे निघतात.

एकच उत्तम केके बोकड सगळीकडे वापरला तर?

तिथेच कळप बुडतो. तीन-चार वर्षांत सगळ्या पाठी सावत्र बहिणी होतात, मग त्यांना फळवायला बोकड उरत नाही. अरुंद रक्ताचे परिणाम, म्हणजे गाभ न धरणे, अशक्त करडे, छुपे दोष वर येणे, हे स्क्रेपीपेक्षा लवकर दिसतात. निदान चार ते सहा असंबंधित कुळांतून प्रतिकारक नर उभे करा, तोवर चांगले साधे बोकडही काही माद्यांवर ठेवा. लहान, दुर्मीळ जातींत तर वेग मुद्दाम कमी ठेवावा. कळप शंभर टक्के प्रतिकारक होण्याची घाई कशासाठी? मोठा भाग प्रतिकारक झाला की संसर्गाची साखळी अडू लागते.

प्रतिकारक शेळ्या दूध कमी देतात का? वाढ खुंटते का?

या तीन बदलांमुळे उत्पादन घटते असा सातत्याने दिसणारा पुरावा नाही. नुकसान दिसते ते निवडीमुळे. केवळ अहवाल पाहून सुमार बोकड ठेवला तर दूध उतरेल, आणि दोष जनुकावर जाईल.

प्रतिकारक शेळी स्वतः आजारी न पडता आजार पसरवते का?

तोंडावाटे संसर्ग देऊन तपासलेल्या वाहक शेळ्यांच्या लसिका ग्रंथींत प्रिऑन साठलेला दिसला नाही. साठा होत नसेल तर बाहेर पडायलाही काही नसते. पण तिच्या खुरांना, अंगाला, गाडीला लागलेली घाण हा वेगळा विषय आहे. ती प्रतिकारक शेळीबरोबरही प्रवास करते.

कळपात आजार पसरतो कसा? जनुक सुधारले की बाकी सगळे सोडून द्यायचे का?

नाही. सर्वांत मोठा स्रोत म्हणजे वार आणि व्यायल्यावरचे पाणी. व्यायलेली शेळी जिथे बसली तिथला पेंढा, तिथे चाटणारी करडे, शेजारच्या शेळ्यांनी खाल्लेली वार, यातून संसर्ग फिरतो. शेळीची वार मेंढीलाही आजार देऊ शकते. मेंढीत असे दिसले आहे की वारेत प्रिऑन साठतो की नाही हे आईच्या नव्हे, पोटातल्या कोकराच्या जनुकावर ठरते. प्रतिकारक नर वापरण्याचा हा जास्तीचा फायदा आहे.

दुसरा स्रोत चीक आणि दूध. इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. संधिवात आणणाऱ्या विषाणूपासून करडे वाचवण्यासाठी चीक ५६ अंशांवर तासभर तापवतात. त्या आजारासाठी हे योग्य आहे. प्रिऑनला मात्र त्याने काही होत नाही. ७२ अंशांच्या पाश्चरीकरणानेही नाही. अनेक शेळ्यांचा चीक एकत्र करून सगळ्या करडांना पाजणे म्हणजे एका आजारी शेळीचा संसर्ग पूर्ण पिढीला देणे.

आणि जमीन. आइसलँडमध्ये रिकाम्या ठेवलेल्या शेतांवर पुन्हा मेंढ्या आणल्यावर आजार परत आला. एका ठिकाणी संसर्ग निदान १६ वर्षे टिकून होता.

मग गोठा आणि हत्यारे निर्जंतुक कशी करायची?

फॉर्मालिन, अल्कोहोल, साधे फिनाइल, उकळते पाणी यांनी प्रिऑन जात नाही. फॉर्मालिनने तर तो उलट टिकाऊ होतो. इटलीत १९९६-९७ च्या सुमारास स्क्रेपीचे अनेक प्रादुर्भाव झाले. तपास मेंढीच्या मेंदू व कासेच्या ऊतींपासून बनवलेल्या, फॉर्मालिनने निष्क्रिय केलेल्या एका लसीकडे गेला. त्याआधी १९३० च्या दशकात स्कॉटलंडमध्येही फॉर्मालिन वापरलेल्या लसीतून असेच घडले होते.

चालते ते हे: उपलब्ध क्लोरीन २ टक्के, म्हणजे २०,००० पीपीएम असलेले सोडियम हायपोक्लोराइट, एक तास ओले ठेवून, किंवा कॉस्टिक सोडा लिटरला ४० ग्रॅम, तोही एक तास. उष्णता सहन करणारी हत्यारे १३४ अंशांच्या वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये १८ मिनिटे. यातला कोणताही उपाय आधी शेण, रक्त, माती खरवडून धुतल्याशिवाय करू नका. घाणीच्या थराखाली रसायन पोचत नाही, आणि हत्यारावर वाळलेले ऊतक सर्वांत हट्टी असते. कॉस्टिक सोडा पाण्यात टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच. क्लोरीन आणि आम्ल एकत्र करू नका. कच्ची जमीन कोणत्याही द्रावणाने साफ होत नाही. वरचा थर आणि खत काढून टाकणे, तिथे पुढे साध्या जनुकाच्या शेळ्या व्यायला न ठेवणे, हाच उपाय. अशा जागेवर प्रतिकारक शेळ्या ठेवता येतात, आणि या कामाचे खरे मोल मला तिथे दिसते: शेतकऱ्याला आपली जागा सोडावी लागत नाही.

जिवंत शेळीत आजाराची चाचणी होते का?

गुदद्वाराजवळच्या लसिका ऊतकाचा लहान तुकडा घेऊन होते. होकारार्थी निकाल महत्त्वाचा. नकारार्थी निकालावर विसंबू नका. काही शेळ्यांत प्रिऑन मेंदूत असतो पण त्या ऊतकात नसतो किंवा उशिरा येतो. खात्रीचे निदान मेल्यावर मेंदूच्या बुंध्यातील ओबेक्स या भागावरून आणि घशामागच्या लसिका ग्रंथीवरून होते. जनुक चाचणी मात्र आजार सांगत नाही. एनएन, क्यूक्यू शेळी आजारी आहे असा अर्थ कोणी काढू नये. ती बळी पडू शकते इतकेच.

कळपात स्क्रेपी सापडली तर प्रतिकारक शेळ्या वाचतात का?

युरोपीय संघात २०२० पासून, हो. त्याआधी नियम असा होता की बाधित कळपातल्या एआरआर मेंढ्या ठेवता येत, पण शेळ्यांना तशी सवलत नव्हती. कळपच्या कळप मारले जाऊ शकत. जून २०२० च्या दुरुस्ती नियम २०२०/७७२ ने के२२२, डी१४६ किंवा एस१४६ यांची निदान एक प्रत असलेल्या शेळ्यांना मारण्यातून वगळता येऊ लागले. इतर देशांत नियम वेगळे आहेत, आधी आपल्या पशुवैद्यकीय खात्याला विचारा. संकट येण्याआधी जनुक अहवाल हातात असलेला बरा. प्रादुर्भावाच्या गडबडीत नमुने घेणे, पाठवणे आणि निकालाची वाट पाहणे यात चांगली जनावरे जातात.

हे बदल असामान्य स्क्रेपीपासून आणि बीएसईपासूनही वाचवतात का?

असामान्य स्क्रेपी, म्हणजे नॉर्वेत १९९८ मध्ये प्रथम आढळलेला नॉर९८, हा वेगळा आजार आहे. तो म्हाताऱ्या जनावरांत एकटा-दुकटा दिसतो आणि कळपात सहसा पसरत नाही. शेळीत एच१५४ असलेल्यांना त्याचा धोका जास्त. पारंपरिक स्क्रेपीत थोडा उपयोगी वाटणारा बदल इथे उलटा पडतो, म्हणूनही त्याच्यामागे लागू नये. वर सांगितलेले तीन बदल पारंपरिक स्क्रेपीसाठी निवडले आहेत.

बीएसई, म्हणजे गाईंचा ‘मॅड काऊ’, शेळीत नैसर्गिकरीत्या फार क्वचित सापडला. फ्रान्समध्ये २००२ साली कत्तल झालेल्या एका शेळीत तो २००५ मध्ये निश्चित झाला. त्यापासून सरसकट संरक्षणाची हमी या बदलांवरून देता येत नाही.

पीआरएनपी जनुकच नसलेल्या शेळ्या असतात, हे खरे का?

जवळजवळ खरे आहे. नॉर्वेच्या दुधाळ शेळ्यांत एक नैसर्गिक बदल सापडला. ३२ व्या जागी ‘थांब’ असा संकेत येतो आणि प्रथिन तयारच होत नाही. जनुक असते, प्रथिन नसते. २०१२ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. अशा दुहेरी शेळ्या दिसायला, वाढायला, व्यायला सामान्य असतात, आणि संसर्ग देऊनही त्यांना स्क्रेपी झाली नाही. बिघडवायला प्रथिनच नाही, तर प्रिऑन करणार काय? हा आजार केवळ प्रथिनामुळेच होतो हा प्रिऑनचा सिद्धांत तपासण्यासाठी याहून सुंदर पुरावा मिळणे कठीण. रोजच्या पैदाशीत मात्र आज के२२२, एस१४६ आणि डी१४६ हेच वापरले जातात.

स्क्रेपी माणसाला होते का?

मेंढ्या-शेळ्यांचा हा आजार शेकडो वर्षे माहीत आहे आणि पारंपरिक स्क्रेपी माणसाला झाल्याचा पुरावा नाही. बीएसई माणसाला झाली आहे, ते १९९६ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून मेंदू, पाठीचा कणा आणि संशयित जनावराचे ऊतक हाताळताना काळजी घ्यायचीच.

नवीन बोकड विकत घेताना काय मागायचे?

त्याच्या स्वतःच्या नमुन्याचा अहवाल, बापाचा नव्हे. क्यूके बापाचा मुलगा साधा असण्याची शक्यता अर्धी असते. अहवालावरचा क्रमांक कानातल्या बिल्ल्याशी किंवा चिपशी जुळवा, जागा १४६ आणि २२२ आहेत का पाहा. ‘स्क्रेपी प्रतिरोधक’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र पुरत नाही. मग बोकड ज्या कळपातून येतो तिथे स्क्रेपीची पाळत असते का ते विचारा, कारण नर प्रतिकारक असला तरी त्याच्याबरोबर विकत घेतलेल्या गाभण शेळ्या साध्या असू शकतात, आणि आजार कळपात शिरतो तो बहुतेक वेळा अशाच गाभण शेळीच्या पोटातून.